वस्तादांचं देणं कंपनीच्या चोपडीतून फेडता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका ऑटो पार्टच्या युनिटमध्ये हे भाऊ नुकतेच प्रॉडक्शन इनचार्ज झालेत. ज्या लाइन लीडरने दहा वर्षांपूर्वी यांना या कंपनीत चिकटवलं, आठ महिने स्वतःच्या रूमवर ठेवून घेतलं, त्यानेच मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं उपकरण) न लावता इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये रीडिंग भरली, कस्टमरकडून अख्खा लॉट वापस आला, अन् आता एचआरने सांगितलंय की तुमचं लेखी मत सोमवारपर्यंत द्या. ते विचारतात की मन बाजूला ठेवून असा निर्णय घ्यायचा कसा, तीन रात्री झोप नाही.

भाऊ, मी ३३ वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढायच्या खात्यात काढली. १९८८ साली हिंगणा एमआयडीसीत आयटीआयचा अप्रेंटिस म्हणून लागलो, शेवटची अकरा वर्षं प्लांट हेड होतो. तुमच्यासारखाच कागद माझ्याही टेबलावर येऊन पडला होता अन् पहिल्या रात्री मी तो चुकीचा लिहिला होता. म्हणून तेच सांगतो आधी, बाकी सल्ला मग.

मे २०११, रात्रपाळी. नागपूरचा मे तुम्हाला माहीतच आहे, रात्री अकरालाही पत्रा हाताला गरम लागून राहिला होता. १०० टनाच्या प्रेसवर ठेकेदाराचा एक पोरगा होता, बावीस वर्षांचा, भंडाऱ्याकडचा. पावणेदोनच्या सुमारास त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. आता प्रेसचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जुन्या मेकॅनिकल प्रेसचा क्लच एकदा लागला की रॅम, म्हणजे वरून पत्र्यावर दाब देणारा भाग, खाली जाऊन वर आल्याशिवाय थांबत नाही, मधे कोणीच काही करू शकत नाही. म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबायची दोन बटणं असतात, दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात आपोआपच डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, बाहेर राहतात. त्या रात्री डाव्या बटणाच्या फटीत वॉशर खोचून वरून काळी टेप गुंडाळलेली होती. नवीन कंट्रोलमध्ये हे चालत नाही, प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडावीच लागतात, पण आमच्या जुन्या वायरिंगमध्ये चालून जायचं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पीस भरायचा, शिफ्टला पाचशे-सहाशे पीस जास्त निघतात.

टेप कोणी लावली हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं होतं, पुढच्या वेळी नखाने सोडवायला सोपं जावं म्हणून. आख्ख्या शॉपमध्ये टेप अशी लावणारी दोनच माणसं होती. एक आमचे वस्ताद, प्रेसवर डाय बसवून देणारे आमचे सिनियर सेटर, अन् दुसरा मी, कारण मला त्यांनीच शिकवलं होतं.

वस्ताद म्हणजे काय होते हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. फाइल कशी धरायची, डायचा क्लिअरन्स, म्हणजे तिच्या दोन भागांतली फट, पत्र्याच्या कडेवरून कसा ओळखायचा, सगळं त्यांच्या हाताखाली. माझे बाबा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ॲडमिट होते तेव्हा सलग सहा रात्री ड्युटी करून वॉर्डाबाहेर माझ्यासोबत बसले, अन् बाबा गेले तेव्हा मोक्षधाम घाटावर लाकडाचे पैसे कोणी दिले हे मला तेराव्यानंतर कळलं. आता सांगा, अशा माणसाबद्दल मन बाजूला ठेव म्हटलं तर ते ठेवायचं कुठे?

पहाटे साडेतीनला मी केबिनमध्ये बसून ॲक्सिडेंट रिपोर्ट लिहिला. कामगार ४८ तास कामावर येऊ शकणार नाही अशी इजा झाली की फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावंच लागतं, त्यामुळे टाळता येण्यासारखं नव्हतं. मी लिहिलं, 'ऑपरेटरने मशीन चालू असताना डाव्या हाताने पीस काढण्याचा प्रयत्न केला.' यात एक शब्द खोटा नव्हता, हात त्याने घातलाच होता. फक्त टेपचा उल्लेख नव्हता. अन् खरं सांगतो, लिहिताना मला असं वाटलंसुद्धा नाही की मी वस्तादांना वाचवून राहिलो आहे, मला वाटलं मी मोजकं अन् व्यवस्थित लिहून राहिलो आहे.

हेच मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचंय. आपण सगळे सांभाळत बसतो ते शेवटचा निर्णय घेताना, की तेव्हा भावनेत वाहून जायचं नाही, अन् भावना तर त्याच्या कितीतरी आधी, पंचनामा लिहितानाच आत येऊन बसलेली असते. कोणती गोष्ट लिहायची, कोणती सोडायची, 'राहून गेलं' लिहायचं की 'केलं नाही' लिहायचं, तिथेच निकाल लागून जातो अन् मग आपण त्या कागदावरून एकदम निःपक्षपाती निर्णय देतो.

सकाळी मी सोमवारी पेठेतल्या ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात पोराची सही घ्यायला गेलो. हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. मी म्हटलं वाचून घे, तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असन," अन् उजव्या हाताने पेन मागायला लागला. त्याची आई बाजूला स्टुलावर बसली होती, तिने मला विचारलं की साहेब, चहा घेता का. मी तो कागद घडी करून खिशात टाकला, म्हटलं एक गोष्ट लिहायची राहिली, अन् वापस आलो.

येताना हिंगणा रोडवर गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो. तेव्हा जे समजलं ते असं, की वस्तादांचं माझ्यावर देणं होतं हे शंभर टक्के खरं, पण ते माझं देणं होतं. ते मी कंपनीच्या चोपडीतून फेडायला निघालो होतो, अन् खरं पाहिलं तर कंपनीच्याही नाही, त्या पोराच्या दोन बोटांतून. त्याने वस्तादांकडून काय घेतलं होतं? काहीच नाही. पण वसुली त्याच्याकडून होऊन राहिली होती.

तुमच्याकडेही असा एकजण असतो भाऊ, जो तुमच्या केबिनमध्ये कधीच नसतो. तुमच्या बाबतीत तो पार्ट ज्याच्या गाडीत बसणार तो माणूस, किंवा तुमच्या लाइनवरची ती पोरगी जी प्रत्येक पीसला मायक्रोमीटर लावते अन् म्हणून तिचे नग कमी भरतात अन् तिला दर महिन्याला ऐकून घ्यावं लागतं. मित्र समोर बसलेला असतो, त्याचा चेहरा दिसतो, त्याचं घर माहीत असतं. दुसऱ्याचा चेहरा मुद्दाम आणून समोर बसवावा लागतो. मी नंतरच्या काळात असं काही आलं की त्या दुसऱ्या माणसाला खरंच जाऊन भेटायचो, पाच मिनिटं का होईना. विचार करून जे होत नाही ते भेटून होतं.

पुढे काय केलं ते भरभर सांगतो. रिपोर्ट नव्याने लिहिला, टेप अन् वॉशरचा फोटो लावला. एमडींना वेगळं पत्र दिलं की या माणसाशी माझे असे असे संबंध आहेत, मी या प्रकरणात साक्षीदार राहीन, निर्णय देणाऱ्यात मला ठेवू नका, चौकशी अधिकारी बाहेरचा नेमा. आपल्याच प्रकरणात आपण न्यायाधीश व्हायचं नाही हे डोमेस्टिक इन्क्वायरीचं, म्हणजे कंपनीतल्या चौकशीचं पहिलं सूत्र आहे अन् मला वाटतं मॅनेजरसाठी ते कायद्यापेक्षाही दयेचं सूत्र आहे, कारण ते तुमच्यावरचं ओझं कमी करतं. सगळंच ओझं आपण उचललं पाहिजे असं नाही, काही वेळा बाजूला होणं हेच तुमचं काम असतं. मात्र बाजूला होताना माहिती दाबून व्हायचं नाही, सगळं सांगून मग बाजूला व्हायचं.

त्या पत्रात मी अजून एक गोष्ट लिहिली, ती लिहायला सगळ्यात जड गेली. एप्रिलमध्ये त्या लाइनचं प्रॉडक्शन वाढलं म्हणून सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मीच वस्तादांचं कौतुक केलं होतं, कसं वाढलं हे विचारलं नव्हतं. ही माझी चूक होती अन् ती कागदावर गेली पाहिजे होती. अपराधीपणा हीपण एक भावनाच आहे हे आपण विसरतो. मनात ठेवला की तो हळूच सांगायला लागतो, जाऊ दे, तू पण कुठे धुतल्या तांदळाचा आहेस, सोडून दे. कागदावर टाकला की त्याची फॅक्ट होते अन् मग त्याचं जे माप असेल ते दुसरे लोक काढतात. तुम्ही पण आठवून पाहा, त्या लॉटच्या आठवड्यात डिस्पॅचसाठी लाइनवर फोन कोणी केले होते? तुम्ही केले असतील तर तेही लिहा.

चौकशी चार-पाच महिने चालली. सस्पेन्शनमध्ये पहिले ९० दिवस अर्धा पगार अन् त्यापुढे पाऊण मिळतो, तो वेळेवर जातो की नाही हे मी दर महिन्याला पाहत होतो. आरोप सिद्ध झाला, नोकरी गेली. २६ वर्षांची नोकरी.

आता इथे उलटं झालं. कंपनीत दोघं-तिघं इतके पेटले होते की त्यांना ग्रॅच्युइटीही थांबवायची होती, बाकीच्यांना जरब बसली पाहिजे म्हणून. लोक याला कडकपणा म्हणतात अन् कडकपणाला कोणी भावना समजत नाही, पण राग पण भावनाच आहे ना? तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा स्पष्ट होता, निष्काळजीपणामुळे मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर त्या नुकसानीपुरतीच रक्कम कापता यायची. मशीनला तर ओरखडाही नव्हता. शेवटचा पगार १३,००० धरला तर महिन्याचे भागिले २६ दिवस, वर्षाचे गुणिले १५ दिवस म्हणजे ७,५००, गुणिले २६ वर्षं, १ लाख ९५ हजार. तो आकडा मी फळ्यावर लिहिला अन् म्हटलं, हे त्यांनी काम करून कमावलेलं आहे, हे आपल्या रागाचे पैसे नाहीत. मिळाले त्यांना. ही बाजू मी घेऊ शकलो कारण पहिल्या दिवशी मी नातं लपवलं नव्हतं. लपवलं असतं तर याच वाक्याला सगळे म्हणाले असते, पहा, घेतली वस्तादाची बाजू.

नावडत्या माणसाच्या बाबतीत तर आपण अजूनच आंधळे असतो. २००९ च्या मंदीत आमच्याकडे चौदा माणसं कमी करायची होती. कायद्याने शेवटी आलेला आधी जातो, एक महिन्याची नोटीस अन् प्रत्येक पूर्ण वर्षाचा १५ दिवसांचा पगार. मी यादी केली अन् त्यात एक नाव असं टाकलं जो बाराव्या वर्षाचा माणूस होता, गेट मीटिंगमध्ये माझ्याबद्दल वाट्टेल ते बोलायचा. मी कारणही लिहिलं होतं छान, विभागाची पुनर्रचना वगैरे. आमच्या तेव्हाच्या जीएम साहेबांनी यादी वाचली अन् एकच विचारलं, हा माणूस तुझ्याशी गोड बोलत असता तर तुझी पुनर्रचना कुठपर्यंत आली असती? मी नाव काढलं. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली ती आजपर्यंत आहे. निर्णयाचं पान लिहून झालं की तेच पान, तेच शब्द, फक्त नाव बदलून वाचायचं. आवडत्या माणसाचं प्रकरण असेल तर त्या जागी नावडत्याचं नाव टाकायचं अन् मोठ्याने वाचायचं. जिथे वाक्य घशात अडकतं तिथे तुमचं मन बोलून राहिलेलं असतं. 'अनवधानाने रीडिंग भरली गेली' हे वाक्य तुम्ही तुमच्या डोक्यात जाणाऱ्या माणसासाठी लिहिलं असतं का? नसेल लिहिलं तर खोडा.

लोक अशा वेळी रामशास्त्री प्रभुण्यांचं उदाहरण देतात, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला अन् रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं अन् पुणं सोडून गेले. मोठा माणूस, वादच नाही. पण मला नेहमी वाटतं की आपली अडचण वेगळी आहे. आपल्यासमोर बहुतेक वेळा राघोबा नसतो, वस्ताद असतो, अन् निर्णय सांगून आपल्याला गाव सोडून जाता येत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनमध्ये त्याच टेबलांवर जेवायचं असतं. बाहेरून आलेल्याला ते सोपं जातं, आपल्या विदर्भाच्या टीमला चंद्रकांत पंडित मुंबईहून येऊन कोच झाले अन् २०१७-१८ अन् २०१८-१९ अशा लागोपाठ दोन रणजी ट्रॉफ्या आल्या, त्यात बाकी खूप गोष्टी होत्या, पण त्यांच्यावर इथल्या कोणाचं जुनं देणं नव्हतं हेही एक होतंच. तुम्ही-मी आतले लोक. आपल्याला ते अंतर रोज थोडं थोडं तयार करावं लागतं अन् म्हणूनच कागद, बाहेरचा अधिकारी, नाव बदलून वाचणं, या सगळ्या काठ्या लागतात. नुसत्या मनाच्या जोरावर होत नाही, माझं तरी झालं नाही.

आता त्या लाइन लीडरला सांगायचं कसं. हे तुमच्या हातात आहे अन् इथे मन पूर्ण वापरा, इथे आवरायची गरज नाही. पत्र जायच्या आधी स्वतः जाऊन सांगा, एचआरच्या पोराला पुढे करू नका. दुपारी सांगा, संध्याकाळी सुट्टीच्या भोंग्याच्या तोंडावर नको, कारण त्याला सगळ्या लाइनसमोरून जावं लागतं. दोन वाक्यांत सांगा. मी काय लिहिलं, का लिहिलं. 'मलाही खूप वाईट वाटतंय' म्हणू नका, ते खरं असलं तरी, कारण मग त्यालाच तुम्हाला समजवावं लागतं अन् ते त्याच्यावर दुसरं ओझं. तो शिव्या देईल तर ऐकून घ्या. रूमवर ठेवून घेतलं ते विसरलास का म्हणेल, नक्की म्हणेल, तेव्हा एवढंच म्हणा की नाही विसरलो. वाद घालू नका.

मी वस्तादांच्या घरी गेलो होतो, वानाडोंगरीत, रिपोर्ट बदलला त्याच संध्याकाळी. काकूंनी पाणी दिलं. वस्ताद खाटेवर बसून होते, माझं सगळं ऐकलं अन् एकच म्हणाले, "टोक दुमडलेलं होतं, नाही?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली अन् आत निघून गेले. पैशाचं पाकीट नेलं होतं ते काकूंनी माझ्या खिशात परत घातलं.

देणं राहिलंच होतं. इन्क्वायरी संपल्यावर मी ओळखीच्या एका छोट्या टूल रूमवाल्याकडे, म्हणजे डाय बनवणाऱ्याकडे गेलो, त्याला सगळं खरं सांगितलं, टेपसकट, अन् म्हटलं वस्तादांना प्रेसवर उभं करू नका, पण डायच्या कामात असा हात तुम्हाला नागपुरात मिळणार नाही. त्याने ठेवून घेतलं. पुढे सात-आठ वर्षं तिथे होते. मला वाटतं त्यांना कळलं असावं कोणी सांगितलं ते, पण विषय कधी निघाला नाही. अजूनही रस्त्यात दिसले तर थांबतात, माझ्या घरचं विचारत नाहीत, पहिल्यासारखं बोलणं परत झालं नाही अन् मी ते मागितलंही नाही. या निर्णयाची किंमत असते भाऊ अन् ती तुम्हीच भरायची असते, माफी मिळेल असं धरून चालू नका. पोरगा पुढे आमच्या स्टोअरला कायम झाला.

तर सोमवारसाठी. पहिल्या पानावर नातं लिहा, साध्या शब्दांत, किती वर्षांचं अन् काय उपकार. दुसऱ्यावर फक्त घडलेलं, कोणत्या तारखेचे रिपोर्ट, कोणत्या रीडिंग, मायक्रोमीटर त्या दिवशी कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासून घ्यायला गेला होता की कपाटात होता, इतरांनी पण असंच भरलं का. एकट्याने केलं असेल तर तसं, अन् सगळी लाइनच तसं करत असेल तर मग हा एका माणसाचा विषय राहत नाही, तेही लिहा. शिक्षा काय असावी यावर मत देऊ नका, द्यायला लावलंच तर याच चुकीला याआधी तुमच्याकडे दुसऱ्या कोणाला काय दिलं होतं ते काढा अन् तेवढंच म्हणा. रविवारी रात्री नाव बदलून वाचा.

अन् त्या लाइन लीडरची मुलं कोणत्या वर्गात आहेत ते माहीत करून घ्या. आपल्याकडे विदर्भात जूनच्या शेवटी शाळा उघडतात, तेव्हा वह्या-पुस्तकांचा खर्च असतो. तो कंपनीचा विषय नसेल, तुमचा असेल.